दाराजवळचा बाक

एका मार्चमध्ये आमच्याकडे अशी थंडी पडली होती की ग्रामसभेत मत द्यायला वर केलेले हात वरच गोठले. खरंच सांगते. आत्ताचा सभापती हेझन कोल्बी, त्याचा आजा तेव्हा सभापती होता. तो म्हणाला, "मोजून झालं, हात खाली घ्या." पण खाली येतोय कुणाचा! मग काय, पुढचे सगळे ठराव त्याच हातांवर मंजूर. रस्त्याला खडी मंजूर, शाळेला नवी घंटा मंजूर, एका माणसाला तर कुंपणं तपासायचं काम चार-चारदा दिलं. लोक तसेच हात वर करून घरी गेले, तशाच गायी दोहल्या, तसेच झोपले. आणि एप्रिलचं ऊन पडल्यावर एकेकाचा हात धपकन ताटात पडायला लागला.

ही गोष्ट मी आमच्या टॅमरॅक नॉच गावात इतक्या वेळा सांगितलीय की आता मी पाणी ओलं असतं म्हणाले तरी लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. सुमिरेच्या वेळी तेच आडवं आलं.

सुमिरे माझी सून. माझा ड्वाइट जपानमध्ये आपल्या अमेरिकन फौजेच्या तळावर विमानं दुरुस्त करायचा. परत आला तो हिला घेऊन. पहिल्याच हिवाळ्यात तिने माझ्याकडून मेपलचा पाक आटवायला शिकून घेतलं आणि दुसऱ्या हिवाळ्यात माझ्यापेक्षा चांगला आटवायला लागली. मला राग आला होता. मग गेला.

आमच्या ग्रामसभेची रीत अशी. मार्चचा पहिला मंगळवार. दारातच पिवळं कार्ड मिळतं, ते ज्याच्या हातात तो मधल्या खुर्च्यांवर बसतो. ज्याला मत नाही तो दाराजवळच्या बाकावर बसतो, म्हणजे मोजणारा चुकत नाही. त्या बाकावर कोण, तर बातमी घ्यायला आलेला वर्तमानपत्राचा एखादा पोरगा, उन्हाळी बंगला असलेलं एखादं जोडपं, आणि सुमिरे. बाकीचे बदलायचे. ती दरवर्षी तीच. दाराखालून वारा येतो म्हणून घोंगडी घेऊन यायची.

आणि हात मोजून भांडण मिटलं नाही तर हेझन म्हणतो, "भिंती धरा." मग 'हो'वाल्यांनी खिडक्यांच्या भिंतीला जायचं, 'नाही'वाल्यांनी शेगडीच्या भिंतीला. त्या गडबडीत कडेवर पोर घेऊन कोण उभं राहणार? म्हणून सगळे जाता जाता आपापली पोरं सुमिरेच्या मांडीवर टाकून जायचे. 'हो'चं पोर उजव्या मांडीवर, 'नाही'चं डाव्या. कोट, काठ्या, केकचे डबे, सगळं तिच्याजवळ. गाव भिंतींना आणि गावाचं सामान बाकावर.

कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग ओढ्यावरच्या पुलाचा ठराव आला. जुन्या पुलावरून आगीचा बंब किंवा अँब्युलन्स जात नाही, वजन झेपत नाही. नवा बांधायचा तर कर वाढणार. भिंती धरल्या आणि अगदी थोडक्यात पडला ठराव. सुमिरेच्या मांडीवर तेव्हा ग्लेडिस रेनफ्रूची जुळी पोरं होती. पुढच्याच जानेवारीत ड्वाइट गोठ्यात छाती धरून खाली बसला. अँब्युलन्स आली ती गिरणीच्या रस्त्याने, सगळी टेकडी फिरून. पूल असता तर तो वाचला असता असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण सुमिरे त्या दिवशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन सायरन ऐकत होती. सायरन जवळ यायचा, मग लांब जायचा, मग परत जवळ. रस्ता वळतो ना तिथे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या बाई, ऑर्फा लीच, त्यांनी सह्या गोळा करून ठराव आणला. जे लोक कायदेशीर राहतात, इथेच घर आहे, पण या देशाचे नागरिक नाहीत, त्यांना गावापुरतं मत द्यावं. गावापुरतं म्हणजे रस्ता, पूल, शाळा, बर्फ काढायची गाडी. राष्ट्राध्यक्ष नाही, काही नाही. गावाने हो म्हटल्यावर राज्याचा शिक्का लागायचा तो वेगळा, पण आधी गाव.

सभेच्या आदल्या दिवशी सुमिरे बीन्स निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "व्हर्नाआई, ठराव झाला तर ठीक. नाही झाला तर मी शपथ घेणार. या देशाची."

"घे की! मी केक करते," मी म्हणाले. मग मला आठवलं. "आणि तुझी आई?"

ती बीन्स निवडत राहिली.

तिच्या देशात दोन नाही चालत. इथली शपथ घेतली की तिथलं नागरिकत्व गेलं. तिथे प्रत्येक घराची नोंद असते सरकारी कचेरीत, आईबाप, त्यांच्याखाली मुलं. त्यातून नाव काढून टाकतात. तिची आई नव्वदीची, सादो नावाच्या बेटावर एकटी. सुमिरे दरवर्षी जाऊन राहायची, हवं तितकं. शपथ घेतली की आईच्या उशाशी बसायलासुद्धा पासपोर्टावर शिक्का लागणार, पाहुणीचा, मोजक्या दिवसांचा. म्हातारीही माझ्यासारखीच थापाडी. फोनवर म्हणायची, "तुझं नाव माझ्या नावाखाली आहे तोवर यम माझा नंबर लावणार नाही."

"सोड ना गं," मी म्हणाले. "एका पिवळ्या कार्डासाठी?"

"कार्डासाठी नाही."

"मग?"

"पूल परत येईल ना सभेत," ती म्हणाली. "कधी ना कधी येणारच. तेव्हा मी पोरं धरून बसणार नाही."

मग तिने माझ्याकडून वचन घेतलं, की आईचं सभेत काढायचं नाही. घरातलं दुःख दाखवून मत मागायचं नाही. मी हो म्हटलं. मनात ठेवलं, बघू.

सभेत ऑर्फाबाई बोलल्या. चांगलं बोलल्या. "कर घेताना आपण विचारत नाही, शपथ घेतलीस का म्हणून," वगैरे. मागून कुणीतरी ओरडलं, "उद्या बंगलेवालेही मत मागतील!" त्यावर ग्लेडिस रेनफ्रू म्हणाली, "त्यांना आधी फेब्रुवारीत इथे राहून दाखवू दे." सगळे हसले.

मग रॉइस टॅट्रो उठला. रॉइस आमचा शेजारी, ओढ्याच्या अलीकडचा. टोपी काढून हातात घेतली, म्हणजे मनापासून बोलणार. त्याचा भाऊ मर्ल व्हिएतनामच्या लढाईत मारला गेला, विशीसुद्धा ओलांडली नव्हती.

"सुमिरेबद्दल माझ्या मनात काही नाही," रॉइस म्हणाला. "माझी बायको हेलन आजारी होती तेव्हा रोज सूप कोण आणायचं, ते सगळ्यांना माहितीय. पण मत म्हणजे सुपाची परतफेड नव्हे. मर्लने हात वर करून शपथ घेतली, मग गेला. शपथेला काहीतरी किंमत असली पाहिजे की नाही? तिच्याशिवायच सगळं मिळायला लागलं तर मी त्याच्या कबरीच्या दगडासमोर काय सांगू?" मग सरळ बाकाकडे वळला. "सुमिरे, दार उघडं आहे गं. ये, शपथ घे, आणि पहिल्या रांगेत बस. खुर्ची मी स्वतः ओढून देईन. गाडी मी काढीन."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तर कठीण. खुर्च्यांवरची डोकी हलायला लागली. मला दिसत होतं ठराव कुठे चाललाय ते.

मी उठले. वचन मोडलं.

"रॉइस," मी म्हणाले, "तू म्हणतोस दार उघडं आहे. तिने इकडे हात वर केला की तिकडे तिच्या आईच्या घरातून तिचं नाव खोडतात. समुद्रापार, त्या दिवसापासून. मग ती आईला भेटायला गेली तर परकी म्हणून रांगेत उभी राहणार. असं दार आहे ते."

 मग मागून लॉयल गोमो म्हणाला, "व्हर्नाकाकू, आणि हात खाली घेतल्यावर नाव परत येतं का?"

अख्खा हॉल हसला. पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, "ती गाय विसरलात काय? पुढचे पाय कॅनडात होते ती?" गाय खरी माझीच होती, म्हणजे गोष्टीतली. चारा कॅनडाचा खायची आणि दूध आमच्याकडे द्यायची, मग जकातवाले शेपटीवर शिक्का मारायचे. मीच सांगितली होती त्यांना. मी म्हणत राहिले, "अरे, हे खरंय, हे खरंय," आणि ते आणखी हसत राहिले. रॉइससुद्धा हसला, प्रेमाने हसला. हेझनने हातोडा आपटला, पण त्याच्याही मिशा हलत होत्या.

बाकावर सुमिरे उभी राहिली. बाकावरच्या माणसाला बोलायचं तर सभेची परवानगी लागते. हेझनने विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. कधीच नसते. मला वाटलं, आता सांगेल. आता तिच्या तोंडून ऐकतील.

"माझी एक विनंती आहे," ती म्हणाली. "आज भिंती धरताना मुलं माझ्याकडे देऊ नका. मला बघायचंय कोण कुठे जातं ते."

एवढंच. घोंगडी नीट करून बसली.

हसणं कुठे गेलं कळलं नाही. माझं म्हणणं खरं का, ते तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती. पण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझी गोष्ट संपली, तिची विनंती झाली, हेझन म्हणाला, "भिंती धरा."

लोक उठले आणि अडखळले. कडेवर पोर, हातात कोट, कार्ड दातात. ग्लेडिसचा एक जुळा रडायला लागला, तो इतकी वर्षं सभा सुमिरेच्या मांडीवरच झोपून काढायचा. आता चांगला मोठा झालाय पण सवय ती सवय. रॉइसच्या कडेवर त्याची नात होती, पर्ल. तो शेगडीकडे निघाला तशी तिने त्याच्या खांद्यावरून बाकाकडे दोन्ही हात पसरले. रॉइसने मागे बघितलं नाही. शेगडीच्या भिंतीला जाऊन टोपी घातली.

सुमिरे मांडीवर हात ठेवून एकेकाकडे बघत होती. रागाने नाही. पाहुणे जेवायला बसले की घरची बाई बघते ना, कुणाच्या पानात काय कमी आहे, तसं. खिडकीशी आम्ही बरेच होतो. मोजताना मला वाटत होतं, होईल. मोजून झाल्यावर हेझनने आकडे वाचले. आम्ही कमी पडलो. फार नाही. पुलाच्या वेळी पडलो होतो तितकेच, थोडे इकडेतिकडे.

घरी येताना मी म्हणाले, "माझ्यामुळे हसले."

"हसले नसते तरी काहीजण तिकडेच गेले असते," ती म्हणाली. "मी बघितलं ना. मला आता सगळ्यांचं माहिती आहे." आणि मग, "वचन मोडल्याबद्दल केक मात्र करायचा."

अर्ज, मुलाखत, वाट बघणं, यात उन्हाळा गेला. शपथेची तारीख पडली तेव्हा मेपलची पानं लाल झाली होती. रॉइस आपण होऊन आला. लग्नातला सूट, जो आता पुढून बंद होत नाही. गाडी धुतलेली. "बोललो होतो ना," म्हणाला.

सुमिरे पुढे बसली, मी मागे. घाट उतरेपर्यंत रॉइस खुशीत होता. हायवे लागल्यावर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, त्या दिवशी छान सोडली होतीत हं. आईच्या घरातून नाव खोडतात! मी लॉयलला म्हटलं, म्हातारी ऐंशीच्या वर गेली पण डोकं अजून—"

"खरं आहे ते, रॉइस," सुमिरे म्हणाली.

"काय खरं आहे?"

"आज दुपारनंतर मी तिथली नाही. मला कळवावं लागतं त्यांना. मग काढतात नाव."

रॉइस हसायच्या बेतात होता. तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग परत तिच्याकडे. गाडीचा वेग कमी कमी होत गेला. शेवटी त्याने ती कडेला घेऊन उभीच केली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"मग तू सभेत का नाही सांगितलंस?"

"तू मर्लचं सांगितलंस," ती म्हणाली. "त्यावर मी आईचं सांगितलं असतं तर तराजू झाला असता. ते मला नको होतं."

रॉइसने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.  "परत फिरू का?" त्याने विचारलं. "सुमिरे, खरंच विचारतोय. फिरवतो गाडी. लगेच फिरवतो."

"उशीर होईल," ती म्हणाली. "चल."

कोर्टाच्या खोलीत पुष्कळ लोक होते, बायकामुलं, फुगे, झेंडे. न्यायाधीशबाईंनी हात वर करायला सांगितला. सगळ्यांनी केला. सुमिरेचा हात नाजूक आहे, पाक ढवळून मनगट जाड झालंय तेवढंच. शपथ संपली, टाळ्या झाल्या, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले, आणि तिचा हात अजून वरच. मी बघत होते. रॉइसही बघत होता. मी जाऊन तो हळूच खाली आणला. गार पडला होता. गोठलेल्या हातांची गोष्ट मी परत कुणाला सांगितली नाही. वर लिहिली ती शेवटची.

जानेवारीत सादोहून फोन आला. सुमिरे निघाली, पण पोचेपर्यंत म्हातारी गेली होती. विमानतळावर ती सवयीने आपल्या लोकांच्या रांगेत उभी राहिली. तिथल्या माणसाने पासपोर्ट बघून अदबीने दुसरी रांग दाखवली. हे तिने मला आल्यावर सांगितलं, पाकाचं भांडं घासताना. यमाच्या नंबराचं ती काही बोलली नाही. मीही नाही.

या मार्चमध्ये पुलाचा ठराव परत आला. दारात सुमिरेला पिवळं कार्ड मिळालं. पहिल्या रांगेत एक खुर्ची आधीच ओढून ठेवलेली होती, कुणी ते विचारायला नको. ती बसली. बाक रिकामा. वर्तमानपत्राचा पोरगाही आला नव्हता.

हात मोजले, भांडण झालं, हेझन म्हणाला, "भिंती धरा." सगळे उठले. रॉइस पर्लला घेऊन तडक सुमिरेपाशी आला, सवयीने, आणि पोर पुढे केलं. पर्लने हातही पसरले.

"रॉइस," सुमिरे म्हणाली, "मला मत द्यायचंय."

तो तसाच उभा राहिला. पुलाला त्याचा कायम विरोध, कर वाढतो म्हणून. शेगडीची भिंत त्याची वाट बघत होती, लॉयल तिथून हाक मारत होता, "ए रॉइस, ये लवकर!" रॉइसने पर्लकडे बघितलं, हॉलभर बघितलं, कुणाकडे देऊ म्हणून. सगळ्यांचे हात भरलेले होते. मग तो दाराजवळ गेला आणि पोरीला मांडीवर घेऊन त्या बाकावर बसला. ग्लेडिसने त्याला बसलेलं बघितलं आणि आपला कोट त्याच्या अंगावर टाकून ती निघून गेली. मग आणखी कुणी काठी दिली. मग डबा.

सुमिरे खिडकीशी गेली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि भिंतीला पाठ टेकली.

पूल मंजूर झाला. रॉइसचं मत मोजलं गेलं नाही. त्याने मोजायला सांगितलंही नाही.

कोट घ्यायला मी बाकाजवळ गेले तेव्हा तो पर्लचे पाय आपल्या कोटात गुंडाळत होता.

"काकू," म्हणाला, "इथे वारा फार येतो हो."

"येतो," मी म्हणाले.